पहिलीच्या वर्गातला पैलवान

दारातून येणारा उजेड एकदम बंद झाला, म्हणून मी फळ्यावरून मान वळवून पाहिलं. दारात एक माणूस उभा होता. उभा कसला, चौकटीत ठोकून बसवल्यासारखाच. दोन्ही खांदे दोन्हीकडे घासत होते, डोकं वाकवून आत घातलेलं, आणि कान असे मुडपलेले की कणकेचे गोळे कुणीतरी घाईघाईनं चिकटवलेत असं वाटावं. त्याच्या गळ्यात हात आणि पोटाला पाय वेढून एक एवढीशी मुलगी लटकली होती. तिचं तोंड त्याच्या मानेत होतं, तरी रडण्याचा आवाज चावडीपर्यंत जात असणार.

"नाव घातलंय हिचं पयलीत," तो माणूस म्हणाला. "स्वरूपा दिनकर चौगले. मी दिनकर."

"पैलवान, पैलवान!" वर्गातली पोरं कुजबुजली.

नांदवाडीच्या शाळेत माझा तो पहिलाच जून. मी इचलकरंजीची, डी.एड. होऊन नुकतीच नोकरीला लागलेली, उंची पाच फुटांना कशीबशी टेकलेली. शाळेला खोल्या दोन. एकीत मी पहिली-दुसरी सांभाळायची, दुसरीत मुख्याध्यापक कुंभार गुरुजी तिसरी-चौथी. मधे भिंत होती, पण ती छपरापर्यंत गेलेलीच नव्हती. त्यामुळं माझ्याकडचा 'अ' त्यांच्याकडं आणि त्यांच्याकडचा भागाकार माझ्याकडं बिनदिक्कत ये-जा करायचा.

"ठेवा तिला खाली," मी म्हटलं.

पैलवानानं वाकून तिला खाली ठेवायचा प्रयत्न केला. तो वाकला तशी तीही त्याच्याबरोबर वाकली. तो उठला तशी उठली. दोनदा झालं. पोरं हसायला लागली.

मग मी त्याला बाजूला घेऊन, मोठ्या अनुभवी माणसासारखं सांगितलं. अनुभव होता तीन दिवसांचा. "हे बघा, सगळी मुलं पहिल्यांदा अशीच करतात. तुम्ही तिला 'आत्ता येतो' म्हणून सांगा आणि मागच्या मागं सटका. जरा वेळ रडेल, मग लागेल खेळायला."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्याला दुधात पाणी घालायला सांगितलंय.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "तसलं न्हाई सांगनार मी."

"अहो, मग काय करणार?"

"बसतो की हितंच."

आणि तो बसला. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, शेवटच्या रांगेत. मुलगी त्याच्या मांडीवरून उतरली, शेजारच्या बसकुरावर बसली, नाक पुसलं आणि फळ्याकडं बघायला लागली. रडणं असं थांबलं, जसा कुणी नळ बंद केला. मी मनात म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. बसू दे.

दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेच्या आधीच हजर होता. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचं बसकूर आणलं, पोत्याचं, चौपदरी. आठवड्याभरात तो वर्गाचाच झाला. मी हजेरी घ्यायची, "स्वरूपा चौगले" म्हणायची, आणि मागून पहाडासारखा आवाज यायचा, "हाय!"

"तिला म्हणू द्या, पैलवान."

"ती हाय म्हनूनच सांगितलं."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मी 'डोळे मिटा' म्हटलं की तोही मिटायचा. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं की त्याचं ते केळ्याएवढं बोट तोंडावर जायचं. पाढे म्हणताना मात्र पंचाईत व्हायची. तो म्हणायला लागला की कौलं थरथरायची, आणि भिंतीपलीकडं चौथीचा वर्ग भागाकार सोडून 'बे दुणे चार' सुरू करायचा. कुंभार गुरुजी भिंतीवरून ओरडायचे, "मगदूम बाई, जरा हळू!" मी काय हळू करणार? माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

त्यातून मला कुणाला रागावता येईना. हौसाबाईचा सदा म्हणून एक द्वाड पोरगा होता. त्याला मी ओणवं उभं केलं, तर पैलवान मागून हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या बाई. त्याचं गुडघं कोवळं हायती." माझी छडी एक दिवस दिसेना. पैलवानाला विचारलं, तर म्हणाला, "तिच्यावर घोनस बसल्याली, म्हनून लांब टाकली." सगळा वर्ग म्हणाला, "व्हय बाई, घोनस!" वर्ग त्याच्या बाजूला गेला होता.

आणि ज्या पोरीसाठी एवढं सगळं चाललं होतं, ती तोंडातून अक्षर काढत नव्हती. मी काहीही विचारलं की स्वरूपा बापाकडं बघायची, बाप ओठ हलवायचा, मी बापाला गप्प करायची, आणि त्यात प्रश्न संपून जायचा. पोरीला काही येतं की नाही, हे मला अर्धा जुलै उलटला तरी कळलं नव्हतं.

एके दिवशी पैलवानाची बायको शालन शाळेत आली. शेण काढून तशीच आली होती, हातात खराटा. काटकुळी बाई, नवऱ्याच्या काखेत मावेल एवढी. ती दारात आली मात्र, पैलवान हळूच कपाटामागं सरकला. म्हणजे त्याचं एक अष्टमांश कपाटामागं गेलं.

"दिसतायसा मला," शालन म्हणाली. "भाईर या."

"वर्ग चालू हाय," पैलवान कपाटामागून म्हणाला.

"म्हशी वरडायला लागल्यात दावनीला! धारंचं कोन बघायचं? का म्हशीस्नी बी हितं आनून बसवू?" मग ती माझ्याकडं वळली. "बाई, एक करा. ह्यांचं नाव घाला पटावर आनि एकदाचं पास करून सोडा."

"मी रोज सांगते त्यांना जायला."

"तुमी सांगतायसा, पर ह्यांनी ऐकाय पायजे न्हवं? लगीन झाल्यापासनं मी सांगत आले." तिनं पोरीकडं पाहिलं. स्वरूपाचा खालचा ओठ पुढं यायला लागला होता. शालन एकदम मऊ झाली, खराटा पाठीमागं लपवला आणि म्हणाली, "बस बाळा, बस. अण्णा हायती." जाता जाता मला मात्र हळू आवाजात सुनावलं, "तुमी शिकल्याल्या हायसा. तुमीच काय तरी डोकं चालवा."

मी डोकं चालवण्याआधी गावानंच चालवलं. दुसऱ्या दिवशी सदाची आई हौसाबाई सोलायच्या वाळल्या भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन वर्गात आली आणि खिडकीखाली ठाण मांडून बसली.

"हे काय, हौसाबाई?"

"पैलवानाच्या पोरीजवळ तिचा बा बसतोय. मग आमच्या सदानं काय घोडं मारलंय?"

"सदा रडत नाही हो!"

सदानं ते ऐकलं आणि लगेच रडायला सुरुवात केली.

त्यानंतर तुकाआबा आले. त्यांचा नातू दुसरीत होता. आबांना घरात सुना दुपारी झोपू देत नाहीत, आणि शाळेची फरशी गार आहे, असं त्यांनी मोकळेपणी सांगितलं. मग आणखी दोघी-तिघी आल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला माझ्या वर्गात मागची अर्धी जागा पालकांची होती. कुणी शेंगा सोलत होतं, कुणी गोधडीला टाके घालत होतं, आबा भिंतीकडं तोंड करून घोरत होते. फक्त गणित सुरू झालं की आबा नेमके जागे व्हायचे.

मी फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "बाळूकडे सात आंबे होते. त्याने तीन आंबे गोपाळला दिले. तर बाळूकडे किती आंबे उरले?"

"तीन दिलं?" आबा उठून बसले. "फुकट?"

"आबा, ते गणित आहे."

"गनित असू द्या. पर गोपाळ ह्याचा कोन लागतो?"

"भाऊ असंल," हौसाबाई शेंग मोडत म्हणाली.

"भाऊ असंल तर निम्मं द्याय पायजेत. साडेतीन. तीनच का? म्हंजे बाळू लबाड हाय."

"लबाड कसा? झाड बाळूनं राखलं असंल. पानी बाळूनं घातलं असंल. गोपाळ तालुक्याला जाऊन बसल्याला."

"ते तुज्या दिरासारखं?"

"माज्या दिराचं नाव काढू नगा हं, आबा!"

मी डस्टर आपटलं. कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी मागून पैलवानाचा आवाज आला आणि सगळे गप्प झाले. "ह्यात भांडायचं काय? द्यायचं तर मन मोठं करून द्यावं मानसानं. सातच्या सात देऊन टाकावं. आंबं काय, फुडल्या वर्सी येत्यात."

हे सगळ्यांना पटलं. आबा परत आडवे झाले. मी पाट्या तपासायला घेतल्या. दहा पोरांनी उत्तर लिहिलं होतं शून्य.

"सदा, शून्य कसं रे आलं?"

"बाळूनं सगळं दिऊन टाकलं, बाई."

त्या संध्याकाळी मी खोलीवर जाऊन थोडी रडले. नवी नोकरी, दोन वर्षांचा परिविक्षा काळ, आणि माझा वर्ग म्हणजे चावडी झालेली. त्यातच सोमवारी कुंभार गुरुजी तोंड पांढरं करून आले. शिक्षण विस्तार अधिकारी शिंत्रे साहेब गुरुवारी तपासणीला येणार होते. साहेबांची ख्याती अशी होती, की ते पायताण बाहेर काढायच्या आधी शिक्षकाची चूक काढतात.

"बाई, तो पैलवान उठला पाहिजे," गुरुजी म्हणाले. "तो उठला की बाकीचे आपोआप उठतील."

"तुम्ही सांगा ना, गुरुजी. तुम्ही मोठे."

"मी मुख्याध्यापक. मी सूचना देतो. अंमलबजावणी वर्गशिक्षकाची." एवढं बोलून ते भिंतीपलीकडं गेले.

मी पैलवानाला सगळं सांगितलं. माझी नोकरी जाईल, हेही सांगितलं. तो फार हळहळला. "तुमची नोकरी माज्यामुळं जायची न्हाई, बाई. गुरवारी न्हाई येनार मी." बुधवारी त्यानं सराव म्हणून वर्गाबाहेर जाऊनही पाहिलं. मुलीला नीट सांगून निघाला, "पोरी, मी घरला चाललोय. सांजंला न्यायला येनार." दारापर्यंत गेला. मागं वळून पाहिलं. स्वरूपाचा ओठ पुढं आला होता. तो परत येऊन बसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या जमंल."

गुरुवारी जमलं नाहीच. साहेबांची फटफटी शाळेसमोर थांबली तेव्हा माझ्या वर्गात तेवीस मुलं आणि सात पालक होते, आबा धरून. मी आबांना उठवलं. हौसाबाईनं शेंगांचं सूप पदराखाली घेतलं, त्यामुळं तिला अचानक सातवा महिना लागल्यासारखं दिसायला लागलं.

शिंत्रे साहेब आत आले. चष्मा, सफारी, काखेत फाईल. त्यांनी पुढची पोरं पाहिली, मागची माणसं पाहिली, शेवटी पैलवानावर नजर गेली आणि तिथंच थांबली.

"हा काय प्रकार आहे?"

मी तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर यायच्या आत माझ्या मागून कुंभार गुरुजी बोलले. ते कधी आले मला कळलं नव्हतं.

"पालक सहभाग, साहेब!"

"काय?"

"आपल्याच बैठकीत आपण म्हणाला होता, साहेब. पालकांनी शाळेत आलं पाहिजे, शाळा गावाची झाली पाहिजे. ते वाक्य मी मनावर घेतलं. बाई नवीन आहेत, पण मी त्यांना म्हटलं, प्रयोग करून पाहा."

आयुष्यात इतकं सराईत खोटं मी पुन्हा ऐकलं नाही. साहेबांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. स्वतःचं वाक्य कुणीतरी मनावर घेतलंय, हे त्यांच्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"छान," ते म्हणाले. "छान. बघू या प्रयोगाचा काय फायदा झालाय." आणि त्यांनी वर्गभर नजर फिरवून बोट केलं ते नेमकं स्वरूपाकडं. "तू. ऊठ बाळ. नाव काय?"

स्वरूपा उठली. तिनं बापाकडं पाहिलं.

"स्वरूपा," पैलवान ओठांतल्या ओठांत म्हणाला. त्याचं ओठांतल्या ओठांत म्हणजे मारुतीच्या देवळापर्यंत.

"तिला सांगू द्या," साहेब म्हणाले. "बरं, मला सांग. तुझ्याकडे नऊ चिंचा आहेत. चार तू खाल्ल्यास. किती उरल्या?"

"कच्च्या का पिकल्या?" आबांनी विचारलं. हौसाबाईनं त्यांना कोपरानं ढोसलं.

स्वरूपानं परत बापाकडं पाहिलं. मीही पैलवानाकडं पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवरून हळूहळू वर येत होता आणि पाची बोटं पसरलेली होती. ती बोटं लपवणं म्हणजे देवळाचा कळस लपवण्यापैकी.

"अहो, तुम्ही सांगू नका!" साहेब म्हणाले.

"मी कुठं सांगतोय? हात अवघडलाय, सायेब."

सगळे हसले. मुलं हसली, बाया हसल्या, साहेबही किंचित हसले. स्वरूपा मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले. तिनं दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरला, साहेबांकडं पाठ केली, आणि बापाच्या समोर जाऊन उभी राहिली. तो बसलेला होता, तरी दोघांची तोंडं जेमतेम एका उंचीवर आली.

"अण्णा," ती म्हणाली. शाळेत मी ऐकलेला तिचा पहिला शब्द. "मला येतंय."

"व्हय बाळा, येतंय की तुला..."

"तुमी मदी मदी बोलू नगासा. मला येतंय सगळं. तुमी घरला जावा."

पैलवानानं माझ्याकडं पाहिलं. वर्गातलं एखादं पोर ज्या नजरेनं बघतं, त्याच नजरेनं. मग तो उठला. त्याला उठायला नेहमीच वेळ लागायचा, पण त्या दिवशी फारच लागला. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला. त्यानं पोत्याचं बसकूर उचललं, झटकलं, घडी घातली, काखेत मारलं आणि मान वाकवून दारातून बाहेर गेला.

"पाच," स्वरूपा साहेबांकडं वळून म्हणाली.

"शाब्बास. बस."

पण ती बसली नाही. तिनं दोनचा पाढा म्हटला. मग पाचचा म्हटला, मग दहाचा. मग आठवड्याचे वार, मराठी महिने, मग मी जूनपासून शिकवलेल्या सगळ्या कविता एकामागून एक, हातवाऱ्यांसकट. मधे मी एकदा 'लक्ष कुठंय तुझं, सदा?' असं म्हटलं होतं, तेही तिनं माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. शेवटी साहेबांनीच हात जोडून तिला बसवलं. "प्रयोग यशस्वी आहे," ते म्हणाले, आणि कुंभार गुरुजींनी विनयानं मान खाली घातली.

साहेबांना चहाला नेलं तशी मी बाहेर आले. पैलवान घरी गेला नव्हता. शाळेच्या मागं पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता आणि उपरण्यानं डोळे पुसत होता. एवढा मोठा माणूस रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. आधी मला वाटलं, त्याला पोरीनं चारचौघांत बोललेलं लागलं असणार.

"पैलवान, लहान आहे ती. मनावर घेऊ नका."

"बराबर बोलली ती, बाई. आतनं सगळं ऐकू आलं. सगळं येतंय की वो तिला." त्यानं नाक शिंकरलं. मग म्हणाला, "मी सात वर्साचा असताना पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या बानं मला कोल्हापूरला न्हेलं. तालमीत घालायला. मला म्हाईत न्हाई, तालीम म्हंजे काय. तालमीच्या दारात हुबा केला आनि म्हनला, 'हितंच थांब. भडंग घिऊन आत्ता येतो.' "

"मग?"

"मग काय? मी थांबलो. वस्ताद म्हनला, आत चल. मी म्हनलं, न्हाई, आमचा बा यायचाय. रात झाली तवा मला उचलून आत न्हेलं. दुसऱ्या दिवशी परत दारात. रोज मेहनत झाली की दारात. समदी पोरं हसायची. वस्ताद लई मारायचा, पर मला वाटायचं, बा आला आनि मी हितं न्हाई म्हनून माघारी गेला तर?"

"कधी आले मग वडील?"

"दिवाळीला."

मी टाकीपाशी त्याच्या शेजारी बसले.

"हातात भडंगाचा पुडा व्हता," पैलवान म्हणाला. "तसा शबूद पाळला म्हनायचा त्यानं."

"खाल्लंत का तुम्ही?"

"खाल्लं की. भूक लागल्याली." तो जरासा हसला. "त्याचा तरी काय दोस? त्यालाबी कुनीतरी सांगितलं आसंल, पोरगं जरा रडंल, मग इसरंल. पर पोरगी झाली तवा मी ठरवलं, हिला तसलं सांगायचं न्हाई. ती सवताहून म्हनंल, अण्णा जावा, तवाच उठायचं. मग वरीस लागू द्या न्हाईतर दोन."

"मग आज म्हणाली की ती. रडताय कशाला?"

पैलवानानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"एवढ्या लवकर म्हनंल असं वाटलं न्हवतं, बाई."

दुसऱ्या दिवशी वर्गात एकही पालक नव्हता. पैलवान नाही म्हटल्यावर हौसाबाईचा हट्ट संपला, आणि आबांना मारुतीच्या देवळात त्याहून गार फरशी सापडली. मी शांतपणे शिकवत होते, माझा आवाज मला ऐकू येत होता, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पाढे म्हणताना वर्ग सारखा मागं वळून बघायचा. पलीकडून कुंभार गुरुजींनी भिंतीवरून विचारलं, "मगदूम बाई, आज सुट्टी आहे का तुमच्याकडे?"

चार-सहा दिवस गेले आणि शालन परत आली. आज खराटा नव्हता. तोंड उतरलं होतं.

"बाई, हे काय मी म्हनलं न्हवतं. ह्यांना घरात करमंना. काल मी गोठ्यात गेले तर हे म्हशीफुडं बसून बाराखडी म्हनत व्हतं. म्हशीनं आटवलं दूध. कायतरी काम द्या ह्यांना शाळंत."

मी विचार केला. शनिवारी शेवटचा तास खेळाचा असायचा. खेळ म्हणजे मी शिट्टी वाजवायची आणि पोरांनी पळत सुटायचं. शाळेमागं मऊ माती होती. मी शालनला म्हटलं, "शनिवारी येऊ देत. पोरांना कुस्ती शिकवू देत. पण आधी वर्गात विचारते."

कारण परवानगी कुणाची लागणार, हे मला कळून चुकलं होतं. मी स्वरूपाला जवळ बोलावून विचारलं. तिनं बराच वेळ विचार केला. फळ्याकडं पाहिलं, खिडकीतून पाहिलं.

"येऊ देत," ती म्हणाली. "पर माज्याकडं बगायचं न्हाई."

"अजिबात?"

"आज्याबात न्हाई."

हा निरोप मी पैलवानाला जसाच्या तसा दिला. त्यानं गंभीरपणे मान हलवली. आणि बघा, त्या माणसानं तो करार असा पाळला, की सरकारी माणसानं कधी पाळला नसेल. प्रत्येक शनिवारी तो यायचा, मातीला नमस्कार करायचा, पोरांना पकडी शिकवायचा, आणि स्वरूपा जिकडं असेल त्याच्या विरुद्ध दिशेला तोंड ठेवायचा. ती जागा बदलत राहायची, मुद्दाम, आणि तो बिचारा भोवऱ्यासारखा फिरत राहायचा. मधेच आभाळाकडं बघून म्हणायचा, "ज्या कुनाचं नाव स्वरूपा हाय, तिनं डावा पाय मागं घ्यावा." जिचं नाव स्वरूपा आहे, ती पाय मागं घ्यायची.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी पोरांच्या कुस्त्या लावल्या. गाव बघायला आलं. आबांना पंच केलं होतं, आणि ते पहिल्याच कुस्तीत दोन्ही पोरांना विजयी ठरवून मोकळे झाले होते. शेवटी सदा मैदानात उतरला आणि शड्डू ठोकून विचारलं, "हाय का कोन?" सदा वर्गात सगळ्यात दणकट. पोरं मागं सरकली.

स्वरूपा पुढं आली. तिनं फ्रॉकचा घेर पुढून मागं ओढून कमरेत खोचला. मग बापाकडं वळून म्हणाली, "अण्णा, तिकडं तोंड."

पैलवान वळला. त्याच्यासमोर शाळेची भिंत होती आणि भिंतीवर सुविचार रंगवलेला होता. तो सुविचार वाचत उभा राहिला. हात पाठीमागं, मुठी आवळलेल्या.

कुस्ती फार वेळ चालली नाही, पण त्यात गावाचा श्वास अडकला. सदानं तिला दोनदा खाली घेतलं. दोनदा ती मासोळीसारखी सुटली. हौसाबाई ओरडत होती, "धर सदा, धर!" शालन तिच्यावर ताण, "पाय काढ पोरी, पाय!" पैलवानाच्या पाठीवर प्रत्येक आरोळीचा धक्का बसलेला दिसत होता. मान लालबुंद. एकदा ती मान अर्धा इंच वळली आणि परत सरळ झाली.

मग एक मोठा गलका झाला. धूळ उडाली. आणि एकदम शांतता.

पैलवान भिंतीकडं तोंड करूनच उभा होता. त्याचा आवाज बारीक आला, कधी नव्हे इतका बारीक.

"बाई, कोन पडलं?"

मी सांगणार होते. पण मातीतून एक हात वर आला आणि त्यानं मला थांबवलं. स्वरूपा सदाच्या छातीवरून उठली, त्याला हात देऊन उभं केलं, फ्रॉक झटकला. केसांत माती, कोपर सोललेलं, पुढचा एक दात आधीच पडलेला. सावकाश चालत ती भिंतीपाशी गेली आणि बापाच्या विजारीला मागून एक हिसका दिला.

"अण्णा," ती म्हणाली, "बगा आता."